बीचच्या झाडामागची बंदूक

मी जमीन मोजणारा माणूस. आता मोजत नाही, पण सवय जात नाही. कुणाच्या घरी गेलो की भिंती काटकोनात आहेत का ते आधी बघतो आणि मग चहा घेतो. लोकांना आमच्या धंद्याबद्दल एकच गोष्ट विचारायची असते: जंगलात जाता, तर बरोबर बंदूक असते का? जर्मनीतही होती, असं मी सांगतो, तेव्हा माझी टिंगल होते. जर्मनीत कसली बंदूक, तिथे काय वाघ आहेत? वाघ नाहीत, पण बंदूक होती, आणि ती ज्यांच्या खांद्यावर होती त्यांना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो.

त्याआधी मी दोन हिवाळे चांद्याच्या जंगलात सर्व्हे पार्टीवर काढले होते. तिथे बंदूकवाला शिपाई असे. वाघ आलाच तर त्याने बार काढायचा अशी सरकारी अपेक्षा होती. तो जेवण झाल्यावर मोहाच्या झाडाखाली ताणून देई आणि आम्हीच त्याची राखण करत असू. त्यामुळे बंदुकीविषयी माझं मत काही फार बरं नव्हतं. पुढे पन्नासच्या दशकाच्या शेवटी डॉक्टरेटसाठी मी जर्मनीत गेलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राध्यापकांनी मला कायझर्सलाउटर्नच्या दक्षिणेकडच्या जंगलात, हद्दी मोजणाऱ्या एका तुकडीत निरीक्षक म्हणून पाठवलं. निरीक्षक म्हणजे यंत्रात बघून आकडे वाचणारा, साहेबांच्या खालोखालचा माणूस. काम पगारी होतं आणि वर राहायची सोय होती, म्हणून मी एका पायावर तयार झालो.

बस गावात पोचली तेव्हा थांब्यावर मला घ्यायला एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, डोक्याला रुमाल, हातात विणलेली टोपली आणि खांद्यावर दुनळी बंदूक. मी इकडे तिकडे बघितलं, दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी माझी ट्रंक एका हाताने उचलली आणि चालायला लागल्या. हे गृहस्थ आपल्याला कुठे नेताहेत असा प्रश्न पडायच्या ऐवजी ह्या बाई आपल्याला कुठे नेताहेत असा प्रश्न पडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. वाटेत कळलं, त्या तुकडीच्या प्रमुखांच्या पत्नी, आणि तुकडीची बंदूकही त्याच.

साहेब, म्हणजे तुकडीचे प्रमुख, उंच आणि किडकिडीत होते. बोलणं मोजकं. तिसरा होता गावचा लाकूडतोड्या. झुडपं छाटून वाट करणं आणि दगड रोवणं हे त्याचं काम. तो 'या' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे बरोबर, एवढ्या दोन शब्दांवर आठवडा काढी. मी साहेबांच्याच घरात माडीवर राहायचो. साहेब मला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणाले. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी 'तू'वर आल्या, कारण मी त्यांचं लिव्हरचं सॉसेज नाकारलं होतं. मांस न खाणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "म्हणजे तू हरणासारखा," त्या म्हणाल्या, "मग तुझ्यावर नेम धरायला नको मी, लक्षात ठेवते." त्यानंतर टोपलीत माझ्यासाठी उकडलेले बटाटे, अंडी आणि प्लमचा केक वेगळा बांधलेला असायचा. मी त्यांना काकू म्हणायला लागलो. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द इतका आवडला की लाकूडतोड्यालाही त्यांनी तसंच म्हणायला लावलं.

बाईमाणसाच्या खांद्यावर बंदूक का, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. साहेब चर्चला गेले होते आणि काकू स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी विचारलं, आणि त्यांनी सुरी न थांबवता सगळं सांगितलं.

महायुद्धाच्या लढाईनंतर त्या भागात रानडुकरं बेसुमार वाढली होती. जिंकलेल्या फौजांनी जर्मनांच्या हातून बंदुका काढून घेतलेल्या, शिकार बंद, मग डुकरांना रान मोकळं. दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तुकडीतल्या मजुराची मांडी डुकराने फाडली. तेव्हा वरून हुकूम निघाला, की जंगलात शिरणाऱ्या प्रत्येक तुकडीत शिकारीचा परवाना असलेला एक माणूस बंदुकीसह पाहिजे. नसेल तर तुकडी आत जाणार नाही आणि प्रमुखाने कचेरीत नकाशे रंगवत बसावं. साहेबांना नेम येत नव्हता असं नाही. चांगला येत होता, तोच तर प्रश्न होता. लढाईवरून आणि तिच्यानंतरच्या कैदेतून परतले त्या दिवशी त्यांनी दारातच बायकोला सांगितलं होतं, की यापुढे मी बंदुकीला हात लावणार नाही. काकूंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एवढंच एकदा बोलले, की कैदेत मैलोन् मैल चालवत, आणि पहारेकरी नेहमी पाठीमागून चाले, भरलेली बंदूक घेऊन. जो मागे पडे त्याचं काय होई ते आवाजावरून कळे. मागे वळून बघायची परवानगी नसे.

"त्यामुळे पाठीमागे कुणी चाललेलं त्याला खपत नाही," काकू म्हणाल्या. मीही ते पाहिलं होतं. बाजारात साहेब मध्येच थांबत, दुकानाकडे बघितल्यासारखं करत आणि मागच्या माणसाला पुढे जाऊ देत.

"कचेरीत तो बसू शकत नाही," काकू पुढे म्हणाल्या. "एक हिवाळा बसला होता. खोलीच्या भिंतींच्या कडेने फेऱ्या मारायचा, जेवायचा नाही. रानात गेला की माणसात येतो. मग मी विचार केला, बंदूक त्यानेच घ्यायला पाहिजे असं हुकमात कुठे लिहिलंय?"

काकू जंगलखात्यातल्या माणसाची लेक. बंदूक साफ करायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. पण परवान्याची परीक्षा म्हणजे गंमत नव्हे. प्राण्यांचे रोग, दात, पायांचे ठसे, कायदा, वर नेमबाजी. सगळे पुरुष, त्यात ह्या एकट्या, रुमाल बांधून बसलेल्या. पहिल्या खेपेला नापास झाल्या, गावाने हसून घेतलं. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. साहेब त्यावर काय म्हणाले, असं मी विचारलं. "काही नाही. माझे जुने बूट काढून त्यांना नवे तळ ठोकून आणले," काकू म्हणाल्या आणि बटाटे विस्तवावर चढवले. नवरा-बायको असावीत तर अशी, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दाट झाडीत लांबचं दिसत नाही, म्हणून तिथे चुंबकसुईचं यंत्र वापरत. तिपाई रोवायची, सुई मोकळी सोडायची, ती उत्तरेला स्थिरावली की पुढच्या खुणेची दिशा वाचायची. पण सुई फार हलक्या कानाची. जवळ लोखंड दिसलं की ती उत्तर सोडून तिकडे ढळते. म्हणून वाचण्याआधी साहेब दरवेळी एकच हाक देत: आयझन वेक, म्हणजे लोखंड दूर. मग किल्ल्या, चाकू, कुऱ्हाड, सगळं दूर ठेवायचं. आणि काकूंनी आपली बंदूक घेऊन लांब जायचं, एखाद्या जाड बीचच्या झाडामागे. बीच म्हणजे तिकडचं उंच, गुळगुळीत खोडाचं रानझाड. आकडा वाचून झाला की साहेब शीळ घालत आणि काकू परत येत. असं दिवसभर, दर थांब्याला. टेकाडं चढायची, उतरायची, आणि वर हे जास्तीचं चालणं. आमच्यापेक्षा दुप्पट त्याच चालत. मी एकदा म्हटलं, काकू, एवढ्या लांब कशाला, अर्ध्या वाटेवर थांबलात तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. "त्याच्या सुईला माझ्यामुळे धक्का लागायला नको," एवढंच म्हणाल्या.

चालायचा क्रमही ठरलेला होता. पुढे साहेब, मग मी, मग लाकूडतोड्या, आणि हुकमाप्रमाणे बंदूक सर्वांत मागे. बाजारात पाठीमागे कुणी नको असणारे साहेब इथे बंदूकच मागे घेऊन कसे चालतात, याचं मला नवल वाटे. बायको आहे, विश्वास आहे, असं मी माझं मला समजावलं. पण वाट उतरणीची असली आणि मागून बंदुकीचा पट्टा कुरकुरला की साहेबांची मान ताठ व्हायची. माझी जागा त्यांच्या मागेच होती, मला ते दिसायचं. ते कधी थांबले नाहीत, एवढं खरं.

डुकरं आम्हाला एकदाच भेटली. एका ओढ्याजवळ आम्ही जेवत होतो आणि समोरच्या झुडपातून एक मादी, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, अशी वरात निघाली. मादीने आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली. मी झाडाच्या फांद्यांचा अंदाज घेतला. चांद्याला शिकलेली विद्या. काकू उठल्या, पण बंदूक त्यांनी खांद्यावरून काढलीच नाही. त्यांनी जेवणाचा पत्र्याचा डबा घेतला, त्यावर चमचा बडवला आणि फाल्ट्झच्या, म्हणजे त्या मुलखाच्या, बोलीत त्या मादीला अशा काही शिव्या घातल्या की लाकूडतोड्याने टोपी काढून तोंडावर धरली. मादी विचार बदलून निघून गेली. "काकू, नेम का नाही धरलात?" मी विचारलं. "पिल्लांची आई आहे ती," काकू म्हणाल्या आणि डबा पुसायला लागल्या. मला उत्तर पटलं. साहेब त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, मग तेही बटाटे खायला लागले.

असा उन्हाळा सरत आला. काम संपायला थोडंच राहिलं असताना वरच्या कचेरीतून तपासनीस आला. तरुण, हुशार, स्वतःची मोटार असलेला. त्याने आमचे आकडे चाळले आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. डोंगराच्या धारेवर, दोन गावांची रानं जिथे मिळतात तिथे, जुना हद्दीचा दगड लढाईत नाहीसा झाला होता. तिथे आम्ही तिपाई लावली होती. आमच्या शास्त्रात साधी परीक्षा असते: एका टोकावरून दुसरं टोक वाचायचं, मग तिकडून हे. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. बाकी सगळीकडे जुळत होती. या एकाच थांब्यावरून घेतलेलं काहीच जुळत नव्हतं. म्हणजे तिथे सुईजवळ लोखंड होतं.

"बंदूक," तपासनीस म्हणाला. आम्ही साहेबांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, काकू सूप वाढत होत्या. "हे बघा, माणूस दमतो. बाई आहेत, चढण आहे. जवळच उभ्या राहिल्या असतील."

"मी बीचच्या झाडामागे होते," काकू म्हणाल्या.

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, सुईच्या तुकडीत बंदूक चालायची नाही असं मला कळवावं लागेल. आणि बंदुकीशिवाय तुकडी आत जाणार नाही हा हुकूम आहेच. तेव्हा राहिलेलं काम पुढच्या वर्षी दुसरी तुकडी दुसऱ्या पद्धतीने करील. साहेबांना कचेरीत चांगली जागा मिळेल, खिडकीजवळची. उद्या जुन्या नकाशावरून अंदाजाने तो दगड तेवढा रोवून टाकू आणि आटोपतं घेऊ.

माझं डोकं तापलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मी मराठीतच म्हणालो, आणि मग जर्मनमध्ये जेवढं सौम्य करता येईल तेवढं करून सांगितलं. तपासनिसाने खांदे उडवले. साहेब सूपकडे बघत होते. ती खिडकीजवळची जागा त्यांना आत्ताच दिसत असावी. मग ते म्हणाले, "ती म्हणते झाडामागे होते, म्हणजे होती." एवढंच. काकूंनी पळी खाली ठेवली. "आधी सुई, मग दगड," त्या म्हणाल्या. "उद्या बंदूक तुम्हीच न्या, हवी तिथे ठेवा आणि सुई बघा. त्याशिवाय दगड रोवू देणार नाही मी."

तो आणखी काही बोलणार होता, पण काकूंनी त्याच्या ताटलीत दुसऱ्यांदा सूप ओतलं आणि विषय संपला.

सकाळी आम्ही धारेवर गेलो. खाली जंगलातल्या रस्त्यावर तपासनिसाने स्वतःच्या हाताने बंदूक मोटारीत ठेवून कुलूप लावलं. साहेबांनी त्याच जागी तिपाई लावली. हाक दिली. पहिल्यांदाच काकू लांब गेल्या नाहीत. नेण्यासारखं काही नव्हतं. जी सुई त्यांना सगळा उन्हाळा पळवत होती ती त्यांनी जवळून बघितली. "एवढीशीच?" त्या म्हणाल्या.

सुई थरथरली आणि आदल्या चुकीच्याच जागी येऊन बसली. म्हणजे बंदूक निर्दोष ठरली. मी तपासनिसाकडे बघितलं, तो सुईकडे बघत होता. आता चोर कोण? सगळ्यांनी खिसे झाडले. बुटांना खिळे होते, म्हणून सगळ्यांनी बूट काढले. लाकूडतोड्याने पट्टा काढला आणि विजार हाताने धरून उभा राहिला. काकूंनी केसांतले आकडे काढले. तपासनिसानेही घड्याळ उतरवलं, हे त्याला शोभलं. मोज्यांवर उभी असलेली ती मंडळी बघून कुणाला वाटलं असतं, देवळात आली आहेत. सुई जागची हलली नाही.

"खडकातच लोखंड असेल," तपासनीस म्हणाला. "चला, दगडासाठी खड्डा घेऊ." लाकूडतोड्या पहार आणायला वळला. साहेबांनी हात वर केला. त्यांनी यंत्र तिपाईवरून काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि वाकून जमिनीलगत सावकाश फिरवलं. खड्डा घ्यायचा त्या जागेवर, पालापाचोळ्याच्या एका उथळ खोलग्यावर आल्याबरोबर सुई गर्रकन फिरली. ते आहेत तिथे थांबले. मीही बघत होतो आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. कोवळी झाडं फक्त तिथेच, बाकी सगळी जुनी, म्हणजे लढाईत तोफांचा मारा तिथे झाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत. लोखंड आमच्या पायांखाली होतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आलेल्या पावलांवरून परत. कुणी काही उचलू नका." त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवून त्यांना सर्वांत पुढे केलं, मग आम्हाला, आणि स्वतः शेवटी आले. मोज्यांतून काटे टोचत होते. मी इतका जपून आयुष्यात कधी चाललो नाही.

स्फोटकं काढणारे लोक दुपारी आले. न फुटलेला तोफेचा गोळा होता, लढाईच्या अखेरच्या हिवाळ्यातला. पहार तिथेच पडणार होती. तो हलवण्यासारखा नव्हता म्हणून त्यांनी तो जागच्या जागी उडवला. आम्ही खाली रस्त्यावर होतो, धक्का पायांना जाणवला. तोपर्यंत काकू अगदी खंबीर होत्या. सगळ्यांना कॉफी देत होत्या, आमचे बूट वर राहिले म्हणून त्या लोकांनाच कामाला लावत होत्या. आवाज झाला आणि त्यांच्या हातातला पेला निसटला. मग त्यांचे हात जे कापायला लागले ते थांबेनात. त्या रस्त्याकडेच्या ओंडक्यावर बसल्या.

तपासनिसाने हॅट काढली आणि त्यांची माफी मागितली. चारचौघांत, स्पष्ट शब्दांत. हीच तुकडी काम पुरं करील, असंही म्हणाला. काकू अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्या असत्या तर आम्ही सगळ्यांनीच बंदुकीवर ठपका ठेवून दगड रोवला असता, हे त्याला आमच्याइतकंच कळलं होतं. मग त्याने मोटारीचं कुलूप काढलं, बंदूक बाहेर काढली आणि काकूंपुढे धरली. काकूंना ती धरता येईना.

साहेब पुढे झाले आणि त्यांनी ती घेतली.

"तू नको," काकू म्हणाल्या.

"तुझे हात कापताहेत."

त्यांनी बंदूक खांद्यावर टाकायच्या आधी, जुन्या शिपायाच्या सवयीने, मधून मोडून उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. त्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. साहेबांनी बायकोकडे बघितलं.

काकूंनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. काडतुसं तिथे होती, उन्हाळाभर तिथेच होती. "रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाठीमागे भरलेली बंदूक घेऊन मी कशी चालले असते?"

साहेबांनी बंदूक मिटून खांद्याला लावली आणि दुसरा हात काकूंना दिला. गावापर्यंत दोघं बरोबरीने चालली. रस्ता अरुंद होता, म्हणून आम्ही बाकीचे मागून चाललो, आणि साहेबांनी एकदाही थांबून आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही.